गिअरबॉक्सला एक, डिफरन्शिअलला दुसरं: ऑइल बदलाच्या नोंदी

७ जानेवारी २०२४

आजपासून या कामाच्या नोंदी ठेवतोय. गाडी जुनी, मागच्या चाकांवर चालणारी, पाच गिअरचा मॅन्युअल बॉक्स आणि मागे वेगळा डिफरन्शिअल (मागच्या दोन चाकांना वळणावर वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारी गिअरची पेटी). तक्रारी दोन आहेत. गाडी गार असताना पहिल्यातून दुसरा टाकला की कर्र आवाज येतो, लिव्हर दाताशी क्षणभर धरून ठेवला आणि मग ढकलला तर गुपचूप जातो, तिसऱ्या-चौथ्याला काहीच त्रास नाही. दुसरी तक्रार मागून, पार्किंगमधून स्टिअरिंग पूर्ण वळवून हळू बाहेर काढताना धड-धड-धड अशी थरथर सीटखाली जाणवते, गाडी सरळ झाली की बंद.

आधीच्या मालकाने सर्व्हिसची वही नीट ठेवलीय हे नशीब. त्यात शेवटची नोंद अशी: गिअरबॉक्स आणि डिफरन्शिअल, दोन्हीचं ऑइल बदललं, ८०डब्ल्यू-९० जीएल-५ (पहिले आकडे ऑइलच्या जाडीचे, जीएल म्हणजे कामाचा प्रकार). म्हणजे एकाच कॅनमधून दोन्हीकडे. पुष्कळ ठिकाणी हेच चालतं, "नव्वद नंबर" म्हणायचं आणि पुढे-मागे तेच ओतायचं. मला पहिली शंका इथेच आहे.

९ जानेवारी

गाडीचं मॅन्युअल काढून बसलो. गिअरबॉक्स: ७५डब्ल्यू-९०, जीएल-४, २ लिटर. डिफरन्शिअल: ८०डब्ल्यू-९०, जीएल-५, १.३ लिटर, आणि खाली बारीक अक्षरात, लिमिटेड स्लिप (एकच चाक नुसतं फिरत राहू नये म्हणून दोन्ही चाकांना काही प्रमाणात बांधून ठेवणारा डिफरन्शिअल) असेल तर त्यासाठीचंच ऑइल. दोन ओळी आणि दोन वेगळी ऑइलं, इतकं स्वच्छ लिहिलेलं आहे.

जीएल-४ आणि जीएल-५ याबद्दल सगळ्यात मोठा गैरसमज म्हणजे पाच चारपेक्षा मोठा म्हणून ऑइल जास्त चांगलं. इंजिन ऑइलमध्ये नवीन दर्जा जुन्याची जागा घेतो, त्यामुळे ती सवय डोक्यात बसलेली असते. इथे तसं नाहीये. एपीआयची (अमेरिकन पेट्रोलियम इन्स्टिट्यूट) ही वर्गवारी "कुठल्या प्रकारच्या गिअरसाठी" हे सांगते. जीएल-५ हायपॉइड गिअरसाठी, जिथे दातांवर भार पण जबरदस्त आणि घसरण पण जबरदस्त. जीएल-४ त्याहून सौम्य कामासाठी, म्हणजे बहुतेक मॅन्युअल गिअरबॉक्स आणि साधे हेलिकल (तिरक्या दातांचे) गिअर. जीएल-५ मध्ये एक्स्ट्रीम प्रेशर ॲडिटिव्हचं प्रमाण ढोबळमानाने जीएल-४ च्या दुप्पट असतं.

हे ॲडिटिव्ह म्हणजे मुख्यतः गंधक आणि फॉस्फरसची संयुगं. नवीन गिअर ऑइलचा कॅन उघडला की तो नाकात बसणारा कुबट वास येतो ना, तो गंधकाचाच. काम कसं करतात तर दात दातावर इतका दाबला जातो की मधला ऑइलचा थर फाटतो, धातू धातूला लागून तिथे क्षणभर प्रचंड उष्णता होते, आणि त्या उष्णतेत हे ॲडिटिव्ह लोखंडाशी रासायनिक क्रिया करून पृष्ठभागावर एक पातळ पापुद्रा तयार करतं. मग झिजतो तो पापुद्रा, दात एकमेकांना चिकटून खरवडले जात नाहीत. पापुद्रा गेला की परत नवीन तयार होतो.

मागच्या डिफरन्शिअलमध्ये हे लागतंच. तिथे हायपॉइड गिअर असतात, म्हणजे पिनियनचा (छोट्या गिअरचा) आस क्राऊनच्या (मोठ्या गिअरच्या) मध्याच्या खाली ठेवलेला असतो, त्यामुळे प्रोपेलर शाफ्ट (गिअरबॉक्सपासून मागे जाणारा दांडा) खाली येतो आणि गाडीचा फ्लोअर खाली बसवता येतो. पॅकार्ड कंपनीने १९२० च्या दशकात ही रचना गाड्यांमध्ये आणली आणि पुढे ती सगळीकडे गेली. पण आस खाली-वर केल्याची किंमत अशी की दात एकमेकांवर नुसते लोळत नाहीत, लांबीच्या दिशेने घासत सरकतात, आणि सरकताना ऑइल पुसून काढतात. अशा ठिकाणी जीएल-४ घातलं तर क्राऊन-पिनियन खरवडायला वेळ लागत नाही. हे मी कधीच करणार नाही, आणि कोणी "थोडे दिवस चालेल" म्हटलं तरी ऐकणार नाही.

१० जानेवारी

आता उलट बाजू, गिअरबॉक्समध्ये जीएल-५ घातलं तर काय होतं. नेहमी मिळणारं उत्तर म्हणजे गिअरबॉक्समधलं पितळ खातं. ते खोटं नाही, गंधक तापलं की तांब्याला आणि तांब्याच्या मिश्रधातूंना काळं करतं, म्हणून तर ऑइल कंपन्या तांब्याची पट्टी गरम ऑइलमध्ये बुडवून चाचणी घेतात आणि पट्टीच्या रंगावरून आकडा देतात. जुन्या काळच्या जीएल-५ ऑइलमध्ये हा त्रास जास्त होता, आताच्या चांगल्या ऑइलमध्ये तांब्याला वाचवणारी ॲडिटिव्ह पण घातलेली असतात.

पण माझ्या गाडीची कर्र त्याने समजत नाही. पितळ खायला महिने-वर्षं लागतील, आणि आवाज फक्त गार असताना येतो.

मला पटलेलं कारण घर्षणाचं आहे. सिंक्रो रिंग म्हणजे पितळेचा एक शंकू, आतून अगदी बारीक आट्यांसारख्या रेषा कोरलेल्या. गिअर टाकताना ही रिंग गिअरच्या शंकूवर दाबली जाते, त्या रेषा ऑइलचा थर कापून बाजूला करतात, धातू धातूला धरतो, आणि त्या घर्षणाने दोघांचा वेग एक होतो. वेग जुळेपर्यंत रिंगचे दात स्लीव्हला (गिअर गुंतवणाऱ्या सरकत्या कड्याला) पुढे जाऊच देत नाहीत. म्हणजे सगळं काम घर्षणावर चाललेलं आहे. तिथे जास्त निसरडं ऑइल असेल तर रिंग धरत नाही, सरकत राहते, वेग जुळत नाही आणि आपण घाईत लिव्हर दाबला की दात दातावर आपटतात. गार असताना ऑइल जाड, रेषांना थर कापायला अजून वेळ लागतो, म्हणून तेव्हाच आवाज. मी लिव्हर क्षणभर धरून ठेवतो तेव्हा रिंगला तोच वेळ मिळत असणार.

हे समजलं आणि खरंच बरं वाटलं.

११ जानेवारी

ग्रेडच्या आकड्यांवर एका मित्राशी बोलणं झालं, तो म्हणे "अरे ७५डब्ल्यू म्हणजे केवढं जाड, इंजिनमध्ये तर आपण २०डब्ल्यू-५० टाकतो". इंजिन ऑइल आणि गिअर ऑइल यांचे आकडे वेगवेगळ्या मापपट्टीवरचे आहेत, दोन्ही एसएई या अभियंत्यांच्या संस्थेचेच पण एकमेकांशी ताडून बघायचे नाहीत. गिअर ऑइलचं ९० म्हणजे १०० अंश सेल्सिअसला १३.५ ते १८.५ सेंटिस्टोक (जाडीचं माप). इंजिन ऑइलचं ४० म्हणजे १२.५ ते १६.३ आणि ५० म्हणजे १६.३ ते २१.९. म्हणजे नव्वद नंबर गिअर ऑइल गरम असताना साधारण चाळीस-पन्नासच्या इंजिन ऑइलइतकंच असतं. त्याने दोनदा विचारलं, खरंच का.

डब्ल्यूच्या आधीचा आकडा थंडीतला. ७५डब्ल्यूची कसोटी उणे ४० अंशाला, ८०डब्ल्यूची उणे २६ ला, ८५डब्ल्यूची उणे १२ ला, त्या त्या तापमानाला ऑइल ठरावीक जाडीच्या पुढे जाता कामा नये. ७५डब्ल्यू-९० आणि ८०डब्ल्यू-९० गरम झाल्यावर एकाच पट्ट्यातले, फरक सगळा गार असतानाचा. आणि माझी तक्रार गार असतानाचीच आहे. वहीतल्या त्या एका ओळीत दोन चुका होत्या तर, जीएलची पण आणि ग्रेडची पण.

सिंथेटिक की मिनरल, याच्यात जास्त पडत नाही. ७५डब्ल्यू-९० बहुतेक सिंथेटिक किंवा सेमी सिंथेटिकच मिळतं कारण एवढा रुंद पट्टा साध्या बेस ऑइलला जड जातो. डिफरन्शिअलला मिनरल ८०डब्ल्यू-९० पुरे.

१३ जानेवारी

डिफरन्शिअल साधा आहे की लिमिटेड स्लिप हे कुठेच लिहिलेलं नाही, प्लेट पण गायब. म्हणून जुनी पद्धत. पुढच्या चाकांना दोन्ही बाजूंनी ठोकळे, मागची दोन्ही चाकं उचलून स्टँडवर, गाडी न्यूट्रल, हँडब्रेक सोडलेला. मग एक चाक हाताने फिरवायचं आणि समोरच्याकडे बघायचं. समोरचं उलटं फिरलं तर साधा डिफरन्शिअल, त्याच दिशेने फिरलं तर लिमिटेड स्लिप.

माझं त्याच दिशेने फिरलं, आणि फिरवायला चांगला जोर लागला. क्लच प्लेटवाला आहे. (प्लेट पार झिजलेल्या असतील तर असला डिफरन्शिअल पण साध्यासारखा वागतो, म्हणजे उलटं फिरलं म्हणून शंभर टक्के साधा असं धरून चालू नका.)

आता थरथरीचा उलगडा झाला. वळणावर बाहेरच्या चाकाला जास्त अंतर कापायचं असतं, तेव्हा आतल्या क्लच प्लेट एकमेकांवर सरकायला हव्यात. साध्या जीएल-५ मध्ये त्या सरकत नाहीत तर चिकटतात, सुटतात, परत चिकटतात, आणि तीच धड-धड. त्यासाठी फ्रिक्शन मॉडिफायर नावाचं ॲडिटिव्ह लागतं, त्याने प्लेट झटका न देता सरकतात.

म्हणजे पुढे सिंक्रोला पकड हवी होती तिथे निसरडं ऑइल, आणि मागे प्लेटना सरकायला हवं होतं तिथे धरून ठेवणारं ऑइल, आणि दोन्हीकडे ऑइल तेच! कॅनवरचा नंबर बघून हे कधीच कळलं नसतं. आज दिवसभर हेच डोक्यात आहे.

१४ जानेवारी

एक छोटा प्रयोग लावलाय. तांब्याच्या दोन पट्ट्या बारीक पॉलिश पेपरने चकचकीत केल्या, एक जीएल-४ च्या बाटलीत आणि एक जीएल-५ च्या, झाकण लावून फळीवर. खऱ्या चाचणीत ऑइल शंभर अंशांच्या वर तापवतात, ते घरात करायचं नाही, त्यामुळे यातून फार काही निघेल अशी अपेक्षा नाही पण बघायचंय.

ऑइल ठरली: गिअरबॉक्सला ७५डब्ल्यू-९०, फक्त जीएल-४ लिहिलेलं. "जीएल-४/जीएल-५" असं दोन्ही लिहिलेली पण मिळतात, वाईट असतीलच असं नाही, काही गिअरबॉक्समध्ये छान चालतात, पण माझी तक्रारच सिंक्रोची आहे तर मला मधलं काही नको. डिफरन्शिअलला ८०डब्ल्यू-९० जीएल-५, लिमिटेड स्लिपसाठीचं, मॉडिफायर आधीच मिसळलेलं. वेगळी बाटली पण मिळते ओतायला, साधारण १०० ते १२० मिलीची, पण ती जास्त झाली तर प्लेट इतक्या सरकतात की लिमिटेड स्लिपचा उपयोगच उरत नाही.

हे वाचून कोणी आपल्या गाडीत हीच जोडी घालायला निघालं तर आधी स्वतःचं मॅन्युअल बघा. इंजिन आडवं बसवलेल्या पुढच्या चाकांच्या गाड्यांत डिफरन्शिअल गिअरबॉक्सच्याच पोटात असतो, ऑइल एकच, आणि शेवटचे गिअर हेलिकल असल्यामुळे जीएल-४ ला चालतं. सुबारूच्या मॅन्युअल बॉक्समध्ये मात्र पुढचा हायपॉइड त्याच ऑइलमध्ये असतो म्हणून कंपनी जीएल-५ सांगते आणि त्यांचे सिंक्रो ते धरूनच बनवलेले असतात. होंडाच्या जुन्या मॅन्युअल गाड्यांत तर १०डब्ल्यू-३० इंजिन ऑइल जायचं. काही मॅन्युअल बॉक्सना एटीएफ (ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं ऑइल) लागतं. "मॅन्युअल म्हणजे जीएल-४" हा नियम धरला तरी कुठेतरी फसायला होतं.

२० जानेवारी

गिअरबॉक्स झाला. गाडी अर्धा तास फिरवून आणली म्हणजे ऑइल गरम होऊन पूर्ण निघतं, मग चारही चाकं स्टँडवर, गाडी सपाट. एकच बाजू उचलली तर लेव्हल चुकणार.

सगळ्यात आधी फिलर प्लग, ड्रेन नाही. हा क्रम पाळाच. ड्रेन उघडून ऑइल काढून टाकलं आणि नंतर फिलर गंजून बसलेला निघाला तर गाडी जागेवरून हलवता येत नाही. माझा फिलर घट्टच होता, भेदक तेल मारून वीस मिनिटं थांबलो, मग लांब दांड्याने टक् करून सुटला.

जुनं ऑइल खुणा केलेल्या बाटल्यांत मोजलं. १.६ लिटर, हवं होतं २. मागच्या सीलजवळ कोरडं आहे, गळतीचा डाग नाही, म्हणजे बहुतेक पुढची बाजू उचलूनच भरलं होतं, ऑइल मागे सरकलं आणि फिलरमधून लवकर बाहेर आलं.

ड्रेन प्लगच्या चुंबकावर राखाडी लोण्यासारखा थर होता, बोटाच्या पेरावर मावेल एवढा. अंगठ्याने चोळला, मऊ, एकही कण टोचला नाही. एवढं नॉर्मल. टोचणारे तुकडे किंवा दाताचा कपचा असता तर ऑइलचा विषय तिथेच संपला असता. मग ट्रेमधलं ऑइल उन्हात नेऊन हळूहळू हलवलं, तेव्हा दिसलं, आत सोन्याच्या भुकटीसारखी चमक फिरत होती. चुंबकाला लागत नाही, म्हणजे पितळ, म्हणजे सिंक्रो रिंगची झीज. बराच वेळ नुसता बघत उभा राहिलो. नवीन ऑइलने गेलेलं पितळ परत येणार नाही हे माहीत आहे, उरलेलं तरी वाचावं.

नवीन वॉशर, ड्रेन प्लग टॉर्क पान्याने मॅन्युअलच्या आकड्याला, मग हातपंप आणि नळीने भरायला सुरुवात. ७५डब्ल्यू-९० पण थंड असताना पंपातून निवांत येतं, घाई करून उपयोग नाही. फिलरच्या खालच्या काठावरून धार आली, धारेचे थेंब होईपर्यंत थांबलो, प्लग लावला. बरोबर २ लिटरला जरासं कमी गेलं, तळात थोडं जुनं राहतंच.

२१ जानेवारी

डिफरन्शिअल. इथलं ऑइल काळं आणि वासाला जळकट, पण चमक नाही, दुधाळपणा नाही म्हणजे पाणी गेलेलं नाही. ब्रीदरची (आतली हवा बाहेर सोडणाऱ्या छिद्राची) टोपी मात्र चिखलाने पूर्ण बंद. हे छोटंसं टोपण लोक विसरतात आणि मग ऑइल गरम होऊन आत दाब वाढला की तो सीलमधून वाट काढतो, आणि आपण सील बदलत बसतो. तारेने मोकळी केली, टोपीचा स्प्रिंग तुटलाय, नवीन बघावी लागेल.

कोणीतरी सुचवलं होतं की १४० घाल, आवाज दबतो. माझ्या डिफरन्शिअलला आवाजच नाही, आणि असता तरी जाड ऑइलने आवाज झाकला जातो, दात नीट होत नाहीत, वर ऑइल घुसळण्यात ताकद जाते आणि उष्णता वाढते. मॅन्युअलमध्येच १४० दिलेलं असेल तर गोष्ट वेगळी.

भरल्यावर मोकळ्या मैदानात इंग्रजी आठच्या आकारात हळू हळू बारा फेऱ्या मारल्या, दोन्ही बाजूंची पूर्ण वळणं, म्हणजे मॉडिफायर प्लेटच्या मध्ये शिरतं. पहिल्या तीन फेऱ्यांत थरथर होती, पाचव्या-सहाव्याला एकदोनदा हलकी, शेवटच्या चार पूर्ण शांत. खिडकी उघडी ठेवून ऐकत होतो, टायर मातीवर घासल्याचा आवाज तेवढा.

जुनं ऑइल दोन कॅनमध्ये झाकण घट्ट करून बाजूला ठेवलंय, वापरलेलं ऑइल घेणाऱ्याकडे जाईल. गटारात किंवा मातीत एक थेंब नाही.

२८ जानेवारी

आठवडाभर रोज सकाळी गार गाडीत दुसरा गिअर टाकून बघतोय. पहिल्या दिवशी फरक अगदी थोडा, लिव्हर हलका झाला एवढंच, आवाज होताच. तिसऱ्या दिवसापासून रोजच्या वेगाने टाकला तर जातो. मुद्दाम झटक्यात टाकला की अजून एक बारीक कर्र येते, ती झिजलेल्या रिंगची, ती राहणार. मागची थरथर परत आलेली नाही.

११ फेब्रुवारी

तांब्याच्या पट्ट्या काढल्या. दोन्ही जवळजवळ सारख्या, चकाकी कमी होऊन किंचित नारिंगी झाक. जीएल-५ वाली जरा गडद वाटते पण शेजारी धरूनच कळतं. थंड बाटलीत महिनाभर ठेवून एवढंच होणार होतं, गंधकाचं काम उष्णतेत चालतं आणि माझ्या फळीवर उष्णता नव्हती. तरी "जीएल-५ घातलं की पितळ विरघळतं" एवढी घबराट नको हे माझं मत पक्कं झालं. माझ्या गाडीत गेलेलं पितळ बहुतेक घासून गेलंय, रोज सकाळी न जुळलेल्या वेगात रिंग दाबून दाबून.

३ मार्च

१,००० किलोमीटर झाले. गिअरबॉक्सचा फिलर उघडून करंगळी घातली, ऑइल काठाशी आहे, बोटावर पिवळसर स्वच्छ, उन्हात धरलं तर चमक दिसत नाही. डिफरन्शिअलची लेव्हल पण तीच, सील कोरडे. २०,००० ला गिअरबॉक्सचं परत काढून चुंबक आणि चमक बघायची, मॅन्युअल त्याहून जास्त अंतर देतं पण रिंगची झीज थांबली का हे मला लवकर कळायला हवंय.

दोन्ही फिलर प्लगजवळ तारेने पत्र्याचा छोटा बिल्ला बांधलाय, पुढे "७५-९० जीएल-४", मागे "८०-९० जीएल-५ एलएसडी" (म्हणजे लिमिटेड स्लिप), आणि वहीतली ती जुनी ओळ तशीच ठेवून तिच्या खाली या दोन ओळी वेगवेगळ्या लिहिल्या. ब्रीदरची टोपी अजून मिळालेली नाही, तोवर तिथे नळीचा तुकडा लावून तोंड वर वळवून बांधलंय.